एकच गॉब्लिन, तीन नियमपुस्तकं: तुमच्या टेबलावर कॅरेक्टर किती घावांत पडावं?

फाशांवर चालणाऱ्या रोल-प्लेइंग गेमसाठी नवा गट जमलाय, चौघं खेळायला तयार आहेत आणि डीएमपदाची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, माळ तुमच्या गळ्यात पडलीय. फक्त सिस्टिम, म्हणजे नियमांचा संच, कोणती घ्यायची, इथं घोडं अडलंय. बरेच जण अशा वेळी मॉन्स्टरच्या पानावरचा डॅमेजचा, म्हणजे त्याच्या वारानं होणाऱ्या इजेचा, आकडा बघतात. मी दोन गोष्टी विचारतो: कॅरेक्टर, म्हणजे खेळाडूचं पात्र, किती घावांत पडतं, आणि पडल्यापासून मरेपर्यंत मध्ये काय काय घडू शकतं?

मोजायला गॉब्लिन बरा, कारण तो सगळीकडे असतो. त्याच्यासमोर पहिल्या लेव्हलचा, बिनचिलखती जादूगार उभा करू आणि तीन नियमपुस्तकं उघडू.

पहिलं डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) पाचव्या आवृत्तीचं, २०१४ सालचं. जादूगाराचं कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) बरं असेल तर हिट पॉइंट (अंगातला जीव) ८, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १२. गॉब्लिनला वीस बाजूंच्या फाशावर अधिक ४, म्हणजे ८ किंवा जास्त पडले की वार लागला. शंभरात ६५ वेळा. डॅमेज एक साधा फासा अधिक २, म्हणजे ३ ते ८. एका घावात पडायला फाशावर ६च यावा लागतो, एरवी बहुधा दोन घाव लागतात. क्रिटिकल (वीस बाजूंच्या फाशावर २०) आलाच तर डॅमेजचे फासे दोन होतात आणि जादूगार बहुधा आडवा होतो, पण मरत नाही. पूर्ण ८ पॉइंट असताना जागीच मरायला एका वारात १६ डॅमेज लागतं आणि गॉब्लिनचा क्रिटिकल १४च्या वर जात नाही. पुढे डेथ सेव्ह, म्हणजे दर फेरीला वीस बाजूंच्या फाशावर जगण्या-मरण्याची परीक्षा: १० किंवा जास्त तीनदा आले की वाचला, कमी तीनदा आले की गेला. कोणी फिरकलं नाही आणि कोणी पुन्हा मारलं नाही, तरी वाचण्याची शक्यता साधारण ६० टक्के. शिवाय क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) साठ फुटांवरून ‘हीलिंग वर्ड’ मंत्र म्हणतो आणि पडलेला उठून बसतो.

दुसरं ओल्ड-स्कूल इसेन्शिअल्स. १९८१च्या बेसिक आणि एक्स्पर्ट संचांचे नियम यात नव्यानं नीट मांडलेत. इथं जादूगाराचे हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशावर ठरतात. एकही येऊ शकतो. गॉब्लिनला १० लागतात, म्हणजे शंभरात ५५ वेळा वार बसतो. डॅमेज साधा फासा. हिशेब मांडून बघा: लागलेल्या चार वारांपैकी सरासरी तीन वार जादूगाराला संपवतात. शून्य म्हणजे मेला, सेव्ह-बिव्ह काही नाही.

हे वाचून पुस्तक मिटू नका. याच पुस्तकात गॉब्लिनचं मनोधैर्य ७ दिलंय. त्यांचा पहिला गडी पडला की डीएम दोन फासे टाकतो, ८ किंवा जास्त आले की उरलेले पळत सुटतात. भेट होताच ते हल्ला करतील की बोलायला थांबतील, हेसुद्धा दोन फासे सांगतात. अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्याचे, एका सोन्याच्या नाण्याला एक, त्यामुळे न लढता पेटी पळवणारा शहाणा ठरतो. आणि त्याच मरतुकड्या जादूगाराचा ‘स्लीप’ मंत्र गॉब्लिनांची अख्खी टोळी झोपवतो, तीही सेव्ह (बचावाचा फासा) न देता. वार जीवघेणा आहे, पण तो चुकवायच्या वाटाही तितक्याच आहेत. खेळाडूंना त्या वाटा दिसत नसतील तर मात्र दर रविवारी एकाचं श्राद्ध.

तिसरं केर्न, छोटंसं. इथं वार लागला का, हा प्रश्नच नाही, लागतोच. थेट डॅमेजचा फासा टाकायचा आणि चिलखताचा आकडा वजा करायचा. हिट प्रोटेक्शन सुरुवातीला एका फाशाएवढं, आणि ती जखम नव्हे, दमछाक. घोटभर पाणी पिऊन जरा टेकलं की परत येतं. त्यापुढचं डॅमेज थेट ताकदीतून जातं. समजा प्रोटेक्शन ४, ताकद १०, आणि भाल्याचे ६ पडले. दोन वर गेले, ताकद ८ झाली, आता वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा कमी हवेत. नाही आले तर गडी कोसळला. तासाभरात कोणी हात दिला नाही तर मेला.

केर्नमधली मला आवडलेली गोष्ट वेगळीच. चार गॉब्लिनांनी एकालाच घेरलं तर चारही फासे टाकायचे, पण सगळ्यात मोठा एकच धरायचा. पाचव्या आवृत्तीत मात्र चार म्हणजे चार वार.

तिथं खरी गंमत आहे. पाचव्या आवृत्तीच्या हिशेबात चौघा पहिल्या लेव्हलच्या कॅरेक्टरांसाठी ४०० गुणांची चकमक ‘डेडली’ (जीवघेणी). शत्रू अनेक असले की त्यांच्या गुणांना जो गुणक लागतो त्यासकट चार गॉब्लिन बरोब्बर ४००, एक ओगर (थोराड राक्षस) ४५०. कागदावर उन्नीस-बीस. आर्मर क्लास १६ धरला तर चार गॉब्लिन मिळून फेरीला सरासरी १० डॅमेज करतात, ओगर जेमतेम ७. मग ओगर सोपा? छे. त्याचा एक सोटा सरासरी १३चा, म्हणजे पहिल्या लेव्हलचा तगडा फायटरही एका तडाख्यात भुईसपाट. गॉब्लिन ७ पॉइंटांचा, एक मेला की त्या बाजूचं डॅमेज पाव भागानं घटतं. ओगर ५९ पॉइंट संपेपर्यंत तेवढ्याच जोरानं हाणत राहतो. २०२४च्या नियमांनी तो गुणक काढून टाकलाय, पण एक थोराड की चार किरकोळ, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

माझ्याच टेबलावरचा किस्सा सांगतो. पाचवी आवृत्ती, पहिली लेव्हल, समोर बगबेअर (गॉब्लिनांचा दांडगा भाऊबंद). क्रिटिकल आला. आठ बाजूंचे चार फासे: ५, ७, ४, ६, वर २. एकूण २४. समोरच्या जादूगाराचे पॉइंट ८, आणि त्या मुलीनं वहीची तीन पानं भरून त्याचा पूर्वेतिहास लिहून आणलेला. मी डीएमच्या पडद्याआड २४ बघितले आणि १५ सांगितले. जादूगार पडला, क्लेरिकनं उठवला, सगळे खूश. पण त्यानंतर दोन-तीन सेशनांत मी आणखी दोनदा तसंच केलं आणि चौघांच्याही लक्षात आलं. ड्रॅगन आला तरी एक जण मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता! फाशाचा आकडा लपवावासा वाटत असेल तर चूक फाशाची नसते, आपण सिस्टिम किंवा लेव्हल चुकीची धरलेली असते. आता मी पडदाच ठेवत नाही.

पाचवी आवृत्तीच घ्यायची असेल तर तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करा. तोच जादूगार तिथं २० पॉइंटांचा होतो. बगबेअरचा साधा क्रिटिकल जास्तीत जास्त ३४चा, आणि ताज्या दमाच्या त्याला जागीच मारायला ४० लागतात. तो पडेल, घाम फुटेल, पण तीन पानं वाया जाणार नाहीत.

पाथफाइंडर या आणखी एका सिस्टिमची दुसरी आवृत्ती, २०१९ची, गणितात या सगळ्यांपेक्षा चोख आहे. ती ‘सिव्हिअर’ (अतिकठीण) म्हणते ती चकमक खरंच सिव्हिअर निघते. अट एवढीच की चौघांनीही नियम वाचायला हवेत. तुमच्या गटातले वाचतील का, तुम्हीच जाणा.

तर निवड करताना कॅरेक्टर घडवायला किती वेळ जातो ते बघा. पाचव्या आवृत्तीत नवख्याची पहिली संध्याकाळ त्यातच जाते, ओल्ड-स्कूलमध्ये आणि केर्नमध्ये दहा-पंधरा मिनिटं. जे दहा मिनिटांत घडतं ते एका वारात गेलं तर लोक हसतात. जे तीन पानं लिहून घडतं ते गेलं तर रुसतात. गटाला कथा हवी असेल तर पाचवी आवृत्ती. पटावरच्या कोड्यासारखं डोकं लढवायचं असेल, ‘आत काय आहे ते आधी काठीनं ढोसून बघू’ म्हणणारी मंडळी असतील, तर ओल्ड-स्कूल.

आणि कोण कसं हेच अजून ठाऊक नसेल तर केर्न. त्याचा मजकूर फुकट मिळतो आणि परवाना खुला आहे, भाषांतरही करता येतं. दोन पानं मराठीत उतरवून काढा, प्रत्येकाला दोन-दोन कॅरेक्टर करायला लावा, आणि पहिल्याच खोलीत चार गॉब्लिन ठेवा. दाराबाहेर भाल्यांचा आवाज मात्र आधी ऐकू येऊ द्या.