टाकी फुल, गाडी बंद आणि 12,750 चा चुना

ठाणे-बेलापूर रोडने रोज बाईकवर जा-ये करणाऱ्यांनी हे वाचाच. बाकीच्यांनी हसायचं असेल तर हसा, घरी बायको अजून हसतेय.

आधी हिशोब सांगतो म्हणजे राग कशाचा ते कळेल. फ्युएल पंप 6,400, इंजेक्टर 2,850, ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) रिसेट 1,500, टाकी धुणं 650. झाले 11,400. गाडी ढकलत नेणाऱ्या पोराला 200. आणि टाकीतलं 1,150 चं पेट्रोल, जे "खराब आहे, फेकावं लागेल" म्हणून गॅरेजवाल्यांनी कॅनमध्ये काढून आतल्या बाजूला नेऊन ठेवलं. एकूण 12,750. यातलं एकही काम झालेलं नाही, हे नंतर कळलं.

गाडी बीएस-सिक्स, दीडशे सीसी. मॉडेल सांगत नाही कारण गाडीचा दोष नाही आणि उगाच त्यावरून वाद सुरू होतात. मी खारेगावला राहतो, कामाला महापे एमआयडीसीत. संध्याकाळी पाऊस बघून म्हटलं उद्या सकाळी परत लाईन नको, पंपावर टाकी फुल केली. एरवी मी तीनशे-चारशेचंच टाकतो. रबाळे सोडलं तेव्हा गाडी एकदम मस्त, ऐरोलीच्या पुढे झटके मारायला लागली, अॅक्सिलरेटर दिला की जाते-जाते आणि मग दम सोडते, आणि दिघ्याच्या आसपास बंदच. सेल्फ फिरतोय, गाडी पकडत नाही. आता तुम्हीच सांगा, फुल टाकी केली आणि अर्ध्या तासात गाडी बंद, कोणाच्याही डोक्यात पहिलं काय येईल? पेट्रोल खराब. माझ्याही तेच आलं.

आणि तेवढ्यात तो स्कूटरवाला थांबला. "काय झालं दादा, अमक्या पंपाचं भरलंत का? सकाळपासून तिसरी गाडी आहे." त्याने पंप बरोबर ओळखला म्हणून माझा विश्वास बसला. आता विचार केला तर त्या रस्त्याने येणारे निम्मे लोक तिथेच भरतात, त्यात ओळखायचं काय कर्म? पण भर पावसात, अंगावर रेनकोट चिकटलेला, बाजूने ट्रेलर चिखल उडवत चाललेत, तेव्हा हे सुचत नाही. ज्याला सुचतं त्याने खुशाल मला शहाणपण शिकवावं.

मी काही अगदीच ढ नाही हो. आधीची गाडी कार्ब्युरेटरची होती, तिचा मी जेट काढून फुंकलाय, फ्लोट अडकला तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाऊलला ठोकलंय, प्लग घासून लावलाय, रिझर्व्हचा कॉक कुठे असतो तेही माहीत. पण एफआयमध्ये, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, सगळं टाकीच्या आत आणि वायरींच्या मागे. तिथे हे लोक "सेन्सर" म्हणाले की आपण गप्प. याच गोष्टीवर त्यांचा धंदा चालतो.

आता स्कूटरवाल्याने सांगितलेल्या गॅरेजची ती जागा. हिरवी ताडपत्री, वर बोर्ड नाही, दोन पोरं आणि एक साधारण चाळिशीचा माणूस ज्याला सगळे शेठ म्हणत होते. शेठने चावी मागितली, टाकीचं झाकण उघडलं. आणि तेव्हा आवाज आला. स्सऽऽऽ. चांगला दोन सेकंद, टाकी हवा आत ओढत होती. मी ऐकला. त्यानेही ऐकला. त्याचा हात झाकणावर तसाच थांबला, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडावर काही उमटतंय का ते. काही उमटलं नाही. मग तो पोराला बोलला, "पाईप आण रे."

त्या क्षणाचा मला अजूनही इतका संताप येतो ना. त्या माणसाला तिथेच रोग कळला होता. फुकटचं काम होतं, झाकण उघडल्या उघडल्या गाडी चालू झाली असती. मी म्हणालो पण होतो, "एकदा सेल्फ मारून बघू का?" तर कसा ओरडला, "नको नको साहेब, पाणी इंजेक्टरमध्ये गेलं तर हेड खोलावं लागेल." हेड खोलायचं म्हटल्यावर मी घाबरलो. कोणीही घाबरेल.

पाण्याचं नाटक तर तुम्हाला माहीतच असेल. टाकीतून पाईपने पेट्रोल काढलं माझ्यासमोर, पण बाटली आणली आतून. प्लॅस्टिकची बाटली, वर पेट्रोल, खाली बोटभर पाणी, मध्ये रेष. "बघा, काय विकतात हे लोक." बाटली भरताना मी बघितली नाही, कारण नेमका तेव्हा दुसरा पोरगा मला "इथे या साहेब, चेनही लूज आहे" म्हणून बोलवत होता. लक्षात घ्या, दुसरा पोरगा नेहमी असतो. गाडीपासून तुम्हाला हलवायला.

मग फ्युएल पंप "जळाला", कारण पाणी. इंजेक्टर "चोक", कारण पाणी. ईसीएम रिसेट का, तर पंप नवीन आहे म्हणून. मीटरवर चेक इंजिनचा दिवा चावी दिल्यावर येऊन विझत होता, म्हणजे गाडी स्वतः काही तक्रार करत नव्हती, तरी 1,500 रिसेटचे. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद झूंऽऽ करतो ना, तो आवाजही येत होता. जळालेला पंप आवाज कसा करतो, हे मी विचारायला हवं होतं, पण तो इतका फाडफाड बोलत होता की मधे शिरायला फट नाही.

जुना पार्ट मात्र मी मागितला. एवढी अक्कल होती. त्यांनी पेपरात गुंडाळून एक काळाकुट्ट पंप दिला, तो मी पुरावा म्हणून घरी कपाटात ठेवला. पैसे क्यूआरवर, नाव आलं कुठल्यातरी किराणा दुकानाचं. विचारलं तर "भावाचं आहे." पावती म्हणजे चिठ्ठी, त्यावर "पं., इं., रि., टा." आणि बेरीज. गाडीत 200 चं पेट्रोल माझ्याच पैशाने टाकलं आणि गाडी काय झकास चालली. मी मनात त्या शेठला दुवा देत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्या पेट्रोल पंपावर जाऊन भांडलो. बाटलीचा फोटो दाखवून आरडाओरडा केला, दोन-चार लोक जमवले. मॅनेजर शांतपणे जमिनीखालच्या टाकीची डिपरॉड (मोजायची दांडी) घेऊन आला, टोकाला पेस्ट लावली, आत सोडली. पाणी असतं तर पेस्टचा रंग बदलतो, नाही बदलला. वर फिल्टर पेपरवर थेंब टाकून दाखवला, डाग न राहता उडाला. आणि बोलला, साहेब, पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, पाणी शिरलं तर आधी ते त्यात मुरतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. तुमची टाकी चांगली भरलेली होती, खरंच एवढं पाणी असतं तर तुम्ही पंपाच्या गेटबाहेर पडला नसतात, दिघ्यापर्यंत गेलात कसे? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी "बघून घेतो" म्हणून निघालो. त्या माणसाची माफी मागायची राहिलीय.

मग बरेच दिवस ठीक. कारण मी तीनशेचंच टाकत होतो. परत एकदा फुल केली आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली, जिथे आधीच गुडघाभर पाणी, तिथे बंद. ढकलत कळव्याला नेली एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. त्याने झाकण उघडलं, स्सऽऽऽ, आणि सरळ विचारलं, "टाकी कोणी उचलली होती?" मोबाईल चार्जर बसवायला उचलली होती, अॅक्सेसरीवाल्याने. टाकीच्या हवेची नळी फ्रेमखाली दाबली गेली होती. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यायला लागते, नाही आली की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. फुल टाकीत वर मोकळी जागा कमी, म्हणून व्हॅक्यूम लगेच होतो. 200 च्या पेट्रोलवर होत नाही. आता कळलं 200 चंच का टाकलं?

मिस्त्रीने टाकी उलटी करून पंपाची प्लेट दाखवली. नटांवर कंपनीचा पिवळा रंगाचा ठिपका असतो, नट आणि प्लेट दोन्हींवर मिळून. एकही ठिपका तुटलेला नव्हता. म्हणजे पाना लागलाच नव्हता. इंजेक्टर तोच, फक्त वरून पुसलेला. कपाटातला "जुना पंप" दुसऱ्याच गाडीचा, कनेक्टरसुद्धा बसत नाही. मिस्त्रीने नळी सरळ केली, 50 रुपये घेतले, तेही मी खिशात कोंबले म्हणून.

आता पुढचं ऐका. पहिल्या चौकीत गेलो, ते म्हणाले खाडीच्या पलीकडची हद्द, आमची नाही. पलीकडे गेलो, ते म्हणाले घटना नक्की कुठल्या खांबाजवळ? खांबाजवळ! मी पावसात खांब मोजत होतो का? जागा दाखवतो म्हटलं तर गाडी नाही, स्टाफ बंदोबस्ताला. मग एक साहेब आले, "हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा." मी बोललो, काम न करता पैसे घेतले, खोटा पार्ट दिला, ही फसवणूक नाही का, आधीचं 420, आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) 318? तर हसून म्हणाले, "वकील आहात का?" नाही, पण मोबाईल आहे ना माझ्याकडे! शेवटी अर्ज घेतला, शिक्का मारून कॉपी द्यायला इतकी खळखळ केली की विचारू नका, आणि जाताना हळूच सल्ला, "जाऊन मांडवली करा, निम्मे देतील." पोलिसांनीच मांडवली सांगायची तर मग आपण काय करायचं?

एका हेल्पलाइनवर फोन केला, समोरच्या मुलीने कंपनीचं नाव विचारलं. नाव नाही. जीएसटी नंबर? नाही. मग सर कंप्लेंट रजिस्टर होणार नाही. म्हणजे जो नोंदणी करून, पक्की पावती देऊन धंदा करतो त्याच्याविरुद्ध तक्रार होते आणि जो ताडपत्रीखाली उघड लुटतो तो मोकळा! वॉर्ड ऑफिसात गेलो, ते अनधिकृत शेड तरी हटवतील म्हणून. तिथे "लेखी द्या, तीन प्रतीत, जागेच्या नकाशासह." नकाशा मी काढू? बँकेने सांगितलं पैसे तुम्ही स्वतः स्कॅन करून दिलेत, आम्ही काय करणार. सगळ्यांचं बरोबर, चुकलो तो मीच फक्त.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, तिथे जाणार आहे. पण पक्की पावती नसल्याने दम लागणार, हे आत्ताच दिसतंय. तुम्ही तरी नाव-पत्ता असलेली पावती घेतल्याशिवाय स्कॅन करू नका, आणि क्यूआरवर भलतंच नाव आलं तर तिथेच थांबा.

गाडी अशी बंद पडली तर ढकलण्याआधी झाकण उघडा, मिनिटभर थांबा, बंद करून सेल्फ मारा. चालू झाली तर नळी बघा. टाकी उचलायला लावणारं कोणतंही काम केलं असेल तर त्या माणसालाच नळी दाखवायला लावा. पार्ट काढायच्या आधी नटांचा फोटो काढा. पेट्रोलची शंका असेल तर पंपावरच फिल्टर पेपर मागा, माप कमी वाटलं तर 5 लिटरचं माप मागा, ते त्यांना द्यावंच लागतं. आणि बाटली स्वतःच्या हाताने भरा.

मी परत त्या जागेवर गेलो होतो. ताडपत्री आहे, शेठ नाही, पोरगा म्हणतो गावी गेलाय. त्या ताडपत्रीखाली अजून कोणाची टाकी "धुतली" गेली असेल तर कळवा, मला एकट्याला कोणी विचारत नाही, चार-पाच जणांचा एकत्र अर्ज गेला तर हद्द तरी ठरवावी लागेल त्यांना. आणि तो काळा पंप कोणाच्या गाडीचा असेल तर घेऊन जा, कनेक्टर तीन पिनचा आहे.