‘आर्बिट्ररी’ची कुळकथा सांगणारी फुकट डिक्शनरी

करारनामे आणि निकालपत्रं मराठीत आणणं हा माझा व्यवसाय. त्यात ‘आर्बिट्रेशन’ आणि ‘आर्बिट्ररी’ सारखे भेटतात. पहिला म्हणजे लवाद, दुसरा म्हणजे मनमानी. निवाडा आणि मनमानी एकाच कुळातले कसे, हे चटकन बघायचं तर मी डग्लस हार्पर यांची ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’, म्हणजे इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा कोश, उघडते.

नोंद जेमतेम काही ओळींची, पण ऐवज भरपूर. मुळाशी लॅटिन ‘आर्बिटर’, म्हणजे पंच. त्याच्याही मागे ‘जाणे’ या अर्थाचा धातू: साक्षीला किंवा निवाड्याला तिथवर जाणारा तो आर्बिटर. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत आलेल्या ‘आर्बिट्ररी’चा अर्थ होता ‘स्वतःच्या विवेकाने ठरवलेलं’. तेव्हा ही शिवी नव्हती! ‘लहरी, जुलमी’ हा अर्थ १६४० च्या दशकातला.

इथेच मी अडते. डिक्शनरी दशक सांगते, पण त्या काळातलं वाक्य देत नाही. कायद्याचा इतिहास थोडा ठाऊक असेल तर जागा भरून काढता येते. १६४१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने ‘स्टार चेंबर’ हे राजाचं बदनाम न्यायालय बंद केलं. त्या कायद्यातच म्हटलंय की या न्यायालयाचे हुकूम देशात ‘आर्बिट्ररी’ सत्ता आणण्याचं साधन ठरले. पुढच्याच वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. विवेकावर सोपवलेला अधिकार लोकांना कशामुळे बोचू लागला, ते त्या एका वाक्यातून कळतं. अशी अवतरणं हवीत तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाकडेच जावं लागतं, आणि त्याची वर्गणी भरावी लागते.

आणखी एक. नोंदीतलं साल हे सापडलेल्या सर्वांत जुन्या लिखित पुराव्याचं असतं, शब्दाच्या जन्माचं नव्हे. डिक्शनरी हे स्वच्छ सांगते, पण लोक वाचत नाहीत आणि साल बिनदिक्कत ठोकून देतात.

अनुवादकांनी, वकिलांनी जरूर वापरावी. गणितवाल्यांचं काम मात्र इथे होणार नाही. ‘समजा क्ष ही आर्बिट्ररी संख्या आहे’ यात कुणाची लहर नसते. कोणतीही घ्या, सिद्धता टिकली पाहिजे, एवढंच म्हणणं असतं. त्यासाठी गणिताचं पुस्तकच बरं.