घरपोच किडनी तपासणी: बारा आकडे, पण हवा तो नाही

आईचे वय 68, मधुमेहाला चौदा वर्षे झालेली आणि रक्तदाबाची गोळीही चालू. म्हणून तिच्यासाठी आमच्या भागातील एका पॅथॉलॉजी लॅबचे ‘किडनी तपासणी’ पॅकेज 850 रुपयांना घेतले. लॅबचे नाव मुद्दामच देत नाही, कारण हाच दोष असलेली पॅकेजे नंतर इतरत्रही पाहण्यात आली.

सेवेबद्दल तक्रार नाही. रक्त घ्यायला आलेला मुलगा सांगितल्या वेळी, सकाळी सातला हजर होता, आईची शीर त्याला पहिल्याच प्रयत्नात सापडली (हे आमच्याकडे क्वचितच घडते) आणि रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला.

अडचण रिपोर्टमध्ये आहे. युरिया, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, पोटॅशियम अशा बारा आकड्यांच्या यादीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) 1.1 होते आणि शेजारी छापलेली मर्यादा 0.6 ते 1.1, म्हणजे कागदावर सारे ठीक. परंतु क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होत असल्यामुळे वय आणि लिंग विचारात घेतल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. त्यावरून काढला जाणारा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज, रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता. 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने तो मी काढला, तेव्हा 55 च्या आसपास आला, हेच 1.1 क्रिएटिनिन 28 वर्षांच्या पुरुषाचे असते, तर तो 94 च्या जवळ गेला असता. ईजीएफआर एकदाच 60 च्या खाली आला म्हणून दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे निदान होत नाही, तो तीन महिन्यांहून अधिक काळ तसाच राहावा लागतो, हे खरे. पण तो छापलाच नाही तर पुन्हा तपासावे हे सुचणार तरी कोणाला?

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. पॅकेजमध्ये लघवीची तपासणीच नाही. मधुमेहात मूत्रपिंडाची चाळणी बिघडू लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरू लागते, आणि तेही बहुधा क्रिएटिनिन वाढण्याच्या पुष्कळ आधी, पायांवर सूज किंवा अन्य कोणतेही लक्षण नसताना. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना देऊन यूएसीआर (लघवीतील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण) ही चाचणी 450 रुपये वेगळे मोजून करून घेतली. 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत हवे होते, ते 86 आले. गुडघ्यांसाठी आई परस्पर घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, रक्तदाबाची गोळी बदलली आणि दोन्ही चाचण्या तीन महिन्यांनी पुन्हा करण्यास सांगितले.

पाचपैकी सेवेला साडेचार गुण, पॅकेजला दोन. पुढच्या वेळी ईजीएफआरसह क्रिएटिनिन आणि यूएसीआर एवढ्या दोनच चाचण्या सुट्या सांगणार आहे, आणि रक्त घ्यायला तोच मुलगा पाठवा, असेही.