एकोणीस ओळींचं एस्टिमेट, सहा ओळींचं शेड्यूल

बिलं वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासायची, हिरव्या पेनाने टिक करायची, आधार सापडला नाही की प्रश्नचिन्ह टाकायचं. आणि हीच मी, स्वतःच्या गाडीच्या सर्व्हिसिंगची बिलं तीन वर्षं न वाचता भरत होते. काउंटरवर आपल्याला घाई असते, गाडी धुऊनपुसून समोर आणलेली असते, किल्ली हातात पडली की सगळं माफ.

चौथ्या वर्षी, ४०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसला, डीलरचं एस्टिमेट आदल्या वर्षीच्या दुपटीच्याही वर गेलं. तेव्हा मात्र खुर्ची ओढून बसले. एकोणीस ओळी होत्या. समोर डीलरचा अ‍ॅडव्हायझर, म्हणजे ग्राहकाशी बोलून एस्टिमेट बनवणारा माणूस.

"यातलं कंपनीने करायला सांगितलेलं कुठलं?"

"सगळंच, मॅडम. चाळीस हजारची सर्व्हिस मोठीच असते."

मी गाडीतून पुस्तिका घेऊन आले. चार वर्षांत तिचं प्लॅस्टिकही नीट फाडलेलं नव्हतं. मागच्या बाजूला मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता असतो: डावीकडे भागांची नावं, वर किलोमीटर आणि महिने, यांपैकी जे आधी येईल ते. ४०,००० च्या रकान्यात 'बदला' असं सहा ठिकाणी होतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ऑइलच्या बोल्टचं वॉशर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल. बाकी रकानाभर 'तपासा'. तपासायची मजुरी लागणार, ते मान्य. पण एकोणिसातल्या नऊ ओळींचा त्या पानावर मागमूस नव्हता, आणि त्या नऊ मिळून एस्टिमेटचा जवळपास निम्मा आकडा होत होता.

डीलरकडची सर्व्हिस परवडते का, असं कुणी विचारलं की मी आधी हेच विचारते: कुठली सर्व्हिस? शेड्यूल गाडी बनवणाऱ्या कंपनीचं असतं, पॅकेज डीलरचं असतं. दोन्ही एकाच कागदावर, एकाच अक्षरात, एकाखाली एक छापून येतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतं.

त्या नऊ ओळींत काय होतं? टायरमध्ये नायट्रोजन होता. आपण श्वास घेतो त्या हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजनच असतो. वरच्या बावीस टक्क्यांसाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा मी पंधरा दिवसांनी प्रेशर बघते. इंजिन फ्लश होता. म्हणजे जुनं ऑइल काढण्यापूर्वी त्यात एक रसायन ओतायचं आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं, की साचलेला गाळ सुटतो म्हणे. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात गाळ साचेल कशाला? माझ्या पुस्तिकेत तर ऑइलमध्ये वरून काहीही मिसळू नका असं स्पष्ट लिहिलंय. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी आणि इंधन फवारणारे इंजेक्टर यांची सफाई होती. हे काम खोटं नाही, पण ते औषध आहे: गाडी उभी असताना थरथरत असेल, पिकअप अडखळत असेल तर करायचं. मला यातलं काहीच होत नव्हतं. उरलेल्या ओळी कोटिंग, पॉलिश, सुगंध या जातीच्या.

मी एकेक ओळ खोडत गेले तसा अ‍ॅडव्हायझरचा चेहरा पडत गेला. वाईट वाटलं. टार्गेट कुणाला चुकलंय. पण भांडण वगैरे काही झालं नाही; "ठीक आहे मॅडम, शेड्यूलप्रमाणेच करू" म्हणाला आणि नवीन कागद छापून दिला. इतकं सोपं होतं! तीन वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

मी खोडली नाही त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ब्रेक ऑइलची. गंमत अशी की लोक नेमकी हीच खोडतात, कारण ब्रेक तर व्यवस्थित लागत असतो. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं, गाडी नुसती उभी असली तरी. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की चाचणीतली ही किमान मर्यादा १५५ वर येते. रोजच्या रस्त्यावर फरक कळत नाही. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आलात की ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नाही तशी वाफ नसते, ती दबते. पेडल सरळ तळाला. माझ्या पुस्तिकेत हे ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं आहे, किलोमीटर कितीही झालेले असोत.

आता एक कबुली. अ‍ॅडव्हायझर दर सर्व्हिसला म्हणायचा, "तुम्ही ऑइल लवकर बदला." मी ते विक्रीचं बोलणं समजून कानामागे टाकलं. नंतर तक्त्याचं पान उलटलं तर मागे दुसरा तक्ता निघाला: 'खडतर वापरासाठी'. मला वाटलं, डोंगरदऱ्यांत जीप घालणाऱ्यांसाठी असेल. तर त्यात लिहिलेलं: धूळ, रांगत चालणारी वाहतूक, आणि वारंवार आठ किलोमीटरपेक्षा कमी फेऱ्या. माझं ऑफिस चार किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरात इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे आत साचलेलं पाणी आणि न जळलेलं इंधन उडून जायला वेळच मिळत नाही, ते ऑइलमध्ये राहतं. त्या तक्त्यात ऑइल बदलायचं अंतर थेट निम्मं आहे. म्हणजे मी ज्याला चढवून सांगणं म्हणत होते ते बरोबर होतं, आणि खडतर वापर करणारी बाई मीच होते.

पाचव्या वर्षी मात्र डीलरने माझा विश्वास घालवला. एसीचा फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. कप्पा दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली लोंबतो, मागचं झाकण काढायचं, फिल्टर ओढायचा. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. सर्व्हिसला गाडी टाकण्याच्या आदल्या रात्री मी तो काढला आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर हिरव्या पेनाने एक टिक केली. सवय, दुसरं काय. संध्याकाळी गाडी आली, बिलात फिल्टरची ओळ, लेबरची ओळ. घरी येऊन कप्पा उघडला. आत तोच करडा फिल्टर, घड्यांत अडकलेलं तेच वाळकं पान, आणि कडेला माझीच टिक.

दुसऱ्या दिवशी फिल्टर हातात घेऊन गेले. मॅनेजर जरा वेळ टिककडे बघत राहिला. नवा फिल्टर बसवून दिला, दोन्ही ओळींचे पैसे परत केले, "मुलाकडून राहून गेलं" म्हणाला. असेलही. पण तेव्हापासून जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या कागदावर, सही करण्याआधी मी त्यावर लिहून घेते: बदललेले सगळे जुने पार्ट परत द्यावेत. काळवंडलेला फिल्टर, झिजलेले ब्रेक पॅड, सगळं डिकीत पिशवीत मिळतं. घरी आणून काय करायचं असं विचाराल, तर काही नाही, बघते आणि टाकते.

आणि त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये, त्याआधीच्याच वर्षी, एका तरुण टेक्निशियनने मला आत बोलावून घेतलं होतं. गाडी लिफ्टवर, मागचं डावं चाक काढलेलं. त्याने टॉर्च धरला. "बाहेरचा पॅड बघा, सात मिलिमीटर. आता आतला." आतला दोनच मिलिमीटर उरला होता. पॅड तीनवर आला की बदलायचा असतो. पॅड दाबणारा ब्रेकचा कॅलिपर ज्या पिनांवर पुढेमागे सरकतो त्या गंजून अडकल्या होत्या, त्यामुळे आतलाच पॅड घासत राहिला. बाहेरून चाकाच्या फटीतून डोकावलं तर फक्त बाहेरचा दिसतो, आणि तो ठणठणीत. त्या मुलाने पिना काढून साफ केल्या, ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. शेड्यूलमधला 'तपासा' हा शब्द काय किमतीचा आहे ते मला त्या टॉर्चच्या उजेडात कळलं. सर्व्हिसचे खरे पैसे इथे असतात: चाक काढून बघणाऱ्या माणसात. तो माणूस डीलरकडे असेल किंवा बाहेरच्या गॅरेजमध्ये.

वॉरंटी संपली तशी मी दोन वर्षं बाहेरच्या गॅरेजमध्ये गेले. लेबर बरंच कमी. ऑइल पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं, डबा मी स्वतः नेलेला, सील माझ्यासमोर फोडलेलं. फिल्टरसाठी कंपनीच्याच खोक्याचा आग्रह सोडला. बॉश, डेन्सो, माले असे उत्पादक गाड्यांच्या कंपन्यांनाही पार्ट पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. मेकॅनिक गाडीखालून निघून हात पुसत स्वतः समजावून सांगायचा, मध्ये अ‍ॅडव्हायझर नाही. मी खूश. मग एका रात्री टायर पंक्चर झाला. स्टेपनी काढली, जॅक लावला, पाना लावला, पान्यावर उभी राहिले. नट ढिम्म. हवेच्या गनने इतके आवळलेले की माझ्या वजनाने हलेनात. दीड तास रस्त्याच्या कडेला. नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या मापाप्रमाणेच आवळायचे असतात. गनने फक्त बसवायचे. हे डीलरकडे नक्की होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या जॉब कार्डवर त्यासाठी एक चौकोन तरी असतो, आणि चौकोन असला की जाब विचारता येतो.

वॉरंटीचा बागुलबुवा फार दाखवतात. बाहेर ऑइल बदललं की वॉरंटी गेली, असं सरसकट नसतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आणि युरोपीय संघात २०१० च्या नियमांनी, नेहमीची सर्व्हिस बाहेर केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारायला आडकाठी घातलेली आहे. तुम्ही जिथे असाल तिथला नियम आणि वॉरंटी कार्डाच्या अटी दोन्ही वाचा. विकत घेतलेल्या वाढीव वॉरंटीच्या अटी तर जास्तच बारकाईने, कारण तो वेगळा करार असतो. तरीसुद्धा वॉरंटीच्या काळात मी डीलरकडेच जाईन, पुन्हा गाडी घेतली तरी. इंजिनचा मोठा दावा करायची वेळ आलीच तर दर सर्व्हिसची नोंद त्यांच्याच संगणकात असणं आणि माझ्या फाइलमध्ये गॅरेजच्या पावत्या असणं यात वादाला लागणाऱ्या वेळाचा फरक आहे. शिवाय रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, आणि सॉफ्टवेअर अपडेट. माझ्या गाडीचा मागचा कॅमेरा अधूनमधून काळा पडायचा. मी तक्रार न करताच त्यांनी सर्व्हिसच्या वेळी अपडेट टाकून दिलं, पैसे नाहीत. मात्र आगाऊ पैसे भरून घ्यायचं तीन-चार वर्षांचं मेंटेनन्स पॅकेज मी घेणार नाही. त्यात कुठल्या ओळी आहेत ते पुस्तिकेशी ताडून बघा, मग तुम्हीही घेणार नाही असा माझा अंदाज.

आता गाडी आठव्या वर्षात, ७८,००० वर आहे, आणि मी परत डीलरकडे चाललेय. कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. इतकी वर्षं डीलरकडचे मला सांगत आले की ते आयुष्यभरासाठी असतं. त्या खडतर वापराच्या तक्त्यात मात्र ८०,००० ला 'बदला' आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफसारखी कंपनीसुद्धा आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं असंच सांगते. हे काम बाहेर करायला माझा मेकॅनिकच नको म्हणाला: माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, नाही, ऑइलचं तापमान मशीनवर बघून ठरावीक अंशाला पातळी लावावी लागते, आणि त्याच्याकडे ते मशीन नाही. सरळ सांगितलं, हे मला आवडलं.

काल एस्टिमेट मागवलं. चौदा ओळींचं आलं. इंजिन फ्लश आहे, नायट्रोजन आहे, सुगंध आहे. गिअरबॉक्सचं ऑइल नाही. छापून घेतलं, आठ ओळी खोडल्या, खाली एक हाताने लिहिली, आणि फोटो काढून परत पाठवला.