घर तारण कर्ज: जळगाव-धुळ्याच्या घरमालकाला परवडतं का?

शेजारचा प्लॉट चढ्या भावाने गेला की अख्ख्या गल्लीला आपलं घर वधारल्यासारखं वाटतं. आरडी मोडली जाते, नवी गाडी दारात येते. हातात मात्र रुपयाही आलेला नसतो, आणि राहतं घर विकून दुसरं घ्यावं तर तेही महागलेलंच. ही कागदावरची वाढ खिशात आणून देणारी सोय म्हणजे घर तारण कर्ज, बँकवाल्यांचं ‘लॅप’ (लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी). पाचपैकी तीन गुण.

बँक गल्लीतला भाव धरत नाही. तिचा व्हॅल्युअर जो आकडा काढेल, त्याच्या साधारण ५० ते ६५ टक्के कर्ज देते, आणि तेही उत्पन्नात बसलं तर. घर ४० लाखांचं, पगार ४० हजार, गाडीचा हप्ता ८ हजार असं धरा. सगळे हप्ते मिळून निम्म्या पगाराच्या आत ठेवायचे तर उरतात १२ हजार. साडेनऊ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी त्यात साडेअकरा लाखांच्या आसपास बसतात. घराच्या किमतीच्या ६० टक्के, म्हणजे २४ लाखांचं स्वप्न तिथेच संपतं.

आपल्याकडे खरी अडचण कागदांची. गावठाणातलं, नुसत्या नमुना ८ वरचं (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी उताऱ्यावरचं) घर बऱ्याच बँका घेत नाहीत. शहरात मालमत्ता पत्रक, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा मागतात. नकाशात नसलेला वरचा मजला किमतीत धरत नाहीत. घर वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद, मग सुरतेच्या भावाची आणि सासरी गेलेल्या बहिणीची सही. भाऊबंदकी असेल तर वर्षही कमी पडतं.

खर्च नुसत्या व्याजाचा नसतो. प्रक्रिया शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या तपासणीचा अहवाल), मुद्रांक, तारणाची नोटीस ३० दिवसांत दाखल करणं हे सगळं आलं. विम्याचा हप्ता कधी कधी गुपचूप कर्जातच मिळवलेला असतो. सही करण्याआधी ‘मुख्य तथ्य विवरण’ मागून त्यातला एपीआर, म्हणजे व्याज आणि शुल्क धरून पडणारा वार्षिक दर बघा.

मुदतीत सगळी मेख आहे. साडेनऊ टक्क्यांनी १० लाख १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १०,४४२ रुपये आणि एकूण व्याज ८.८० लाख. पाच वर्षांत फेडले तर हप्ता २१,००२, व्याज २.६० लाख. लग्नासाठी लांब मुदत घेतलीत तर नातू नववीत जाईल तरी हप्ता चालूच. दुकान वाढवायला, भाड्याची खोली बांधायला ठीक. त्यातून कमाई तरी येते.

रिझर्व्ह बँकेच्या समितीच्या २०१७ च्या अहवालात सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीपैकी ८४ टक्के घर, जमीन आणि इतर वस्तूंत, ११ टक्के सोन्यात आणि ५ टक्केच ठेवी, विमा, शेअर यांत होती. हप्ता चुकायला लागला की आधी हीच पाच टक्के संपतात.

केळीची कापणी किंवा कापसाचे पैसे येईपर्यंतची गरज असेल तर सोनेतारण बरं: बहुधा त्याच दिवशी पैसे, सर्च रिपोर्ट नाही. पिकावर चालणाऱ्या घराला दरमहाचा हप्ता जुळतच नाही. गृहकर्ज चालू असेल तर आधी त्याच बँकेत टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) विचारा, दर सहसा कमी पडतो.

फ्लोटिंग (बदलत्या) दराचं, व्यक्तीने घेतलेलं, व्यवसायासाठी नसलेलं कर्ज लवकर फेडल्यास दंड लागत नाही. पूर्ण फेडीनंतर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.