५५ लिटरचा कूलर: अख्खा उन्हाळा वापरल्यानंतर

खोक्यातून काढल्या काढल्या लिहिलेल्या परीक्षणांवर माझा फारसा विश्वास नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक कूलर गार हवा देतो. हा कूलर उन्हाळा तोंडावर आला असताना घरात आला आणि पाऊस नीट सुरू झाल्यावर धुऊन-पुसून कोपऱ्यात गेला. मधल्या काळात त्याने आम्हाला झोपवलं, भांडायला लावलं, एकदा अख्खा हॉल पुसायला लावला. माझं मत आधीच सांगते: यंत्र चांगलं आहे, पण कूलरचं निम्मं काम आपल्या खिडक्या-दारं करतात. ती बाजू लंगडी असेल तर कुठलाही कूलर वाईटच वाटणार.

आधी कोरडी माहिती. टाकी ५५ लिटरची, पंखा १६ इंची, तीन बाजूंना हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे, पाण्याने भिजणारे), मागच्या पट्टीवर १८० वॉट लिहिलंय. म्हणजे दहा तास चालला तर दोन युनिटही होत नाहीत. दीड टनाचा एसी जोरात चालू असताना साधारण दीड हजार वॉटच्या घरात घेतो, त्यामुळे बिलाच्या बाबतीत तुलनाच नाही. इन्व्हर्टरवर चालतो. लाइट गेलेल्या रात्री ही एकच गोष्ट पुरेशी वाटते.

आता खिडकीचं प्रकरण. कूलर बसवला त्या दुपारी सासूबाईंनी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. "अगं, बाहेरच्या झळा आत येतील ना!" त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, एसीच्या खोलीत आपण तेच करतो. पण कूलर बाहेरची हवा ओल्या पॅडमधून ओढतो, तिथे पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतून जाते, म्हणून हवा गार होते. एक लिटर पाण्याची अशी वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. गंमत अशी की ती वाफही त्याच हवेबरोबर खोलीत येते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर अर्ध्या तासात अंग चिकचिकायला लागतं आणि कूलर "काम करत नाही" अशी बोंब सुरू होते.

म्हणून कूलरची पाठ खिडकीतून बाहेर आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी थोडी उघडी, हे पक्कं. किती उघडी? कागदाची पातळ पट्टी त्या फटीपाशी धरायची. पट्टी बाहेरच्या दिशेने फडफडली की हवा निघतेय. दार स्वतःहून जोरात आपटायला लागलं तर फट कमी पडतेय, अजून उघडा. सासूबाईंना हे बोलून पटलं नाही, पट्टी फडफडताना बघून पटलं. आता पाहुणे आले की त्याच खिडकी उघडायला लावतात, तेही झळांबद्दल काहीच ऐकून न घेता.

कूलर किती गार करणार हे कंपनीच्या हातात थोडंच असतं, बाकीचं हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. घरात दोन साधे थर्मामीटर असतील तर एकाच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून पंख्यासमोर धरा. तो जिथे थांबतो त्याच्या खाली कुठलाही साधा कूलर जाऊ शकत नाही. हवा ४० अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओला थर्मामीटर साडेबावीसच्या आसपास थांबतो. चांगला पॅड या दोन आकड्यांमधल्या अंतराचा साधारण चार पंचमांश भाग कापतो, म्हणजे जाळीतून २६ अंशांची हवा येते. हेच ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला करा, ओला थर्मामीटर अठ्ठावीसच्या पुढे आणि कूलरची हवा तिशीत. पावसाआधी ढग दाटून येतात त्या दिवसांत सगळीकडे कूलरवर रोष का निघतो, ते यात आलं. यंत्र तेच असतं, हवा बदललेली असते. आम्ही त्या दिवसांत पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवला. हे बटण वेगळं दिलंय, त्याबद्दल बनवणाऱ्यांना पैकीच्या पैकी.

वरच्या झाकणात बर्फाचा एक कप्पा आहे आणि खोक्यावर त्याचं चित्र सगळ्यात मोठं आहे. नवरा त्या चित्रावर भाळला होता. हिशोब मात्र रुक्ष आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणजे जेमतेम १४० मिलिलिटर पाण्याची वाफ होण्याइतकीच. कोरड्या दुपारी हा कूलर तासाला कित्येक लिटर पाणी पितो, तिथे वाटीभर बर्फाची काय कथा! फ्रीज बिचारा रात्रभर राबणार आणि फरक दहा मिनिटांत संपणार. आमच्याकडे या कप्प्याला खरा उपयोग मुलीने शोधला. प्लॅस्टिकचा डायनासोर पाण्यात ठेवून गोठवायचा, तो ठोकळा कप्प्यात ठेवायचा आणि झाकण पुन्हापुन्हा उघडून बघायचं. आधी शेपटीचं टोक बाहेर येतं, मग पाठीवरचे काटे. एक अख्खी दुपार टीव्हीशिवाय गेली. कूलरच्या कुठल्याही जाहिरातीत हा फायदा लिहिलेला नाही.

अशी बारीकसारीक सुखं बरीच. पंप चालू झाला की पॅडवरून पाणी उतरण्याचा जो आवाज येतो तो मला मोबाइलमधल्या कुठल्याही झोपेच्या संगीतापेक्षा आवडतो. पंख्यासमोर तोंड नेऊन बोललं की आवाज तुटक तुटक येतो, हा खेळ मुलीला नवा आणि नवऱ्याला जुना, पण दोघंही तेवढ्याच हौसेने खेळतात. सासरे समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात आणि पानं उडू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर चष्म्याची डबी, दुसऱ्यावर रिमोट, मग पान उलटायचं झालं की सगळा संसार उचलायचा. त्या खुर्चीवरून उन्हाळाभर वाद झाले. मध्यम वेग रात्रीला योग्य. पूर्ण वेगाला आवाज एवढा की फोनवर "काय म्हणालात?" हेच चालू राहतं.

आता तक्रारी. पाण्याची पातळी दाखवणारा काटा शुद्ध खोटारडा आहे. टाकीत तळाला बोटभर पाणी असतानाही तो अर्ध्यावर अडकून बसतो. एका दुपारी सासरे ओरडले, "अगं, हा गरम हवा का फेकतोय?" पंप कोरडा घुरघुरत होता. बुडून चालणारे हे पंप पाण्यानेच गार राहतात, कोरडे चालले की लवकर जळतात. आमचा वाचला. तेव्हापासून काट्याकडे बघत नाही, झाकण उचलून टाकीतच बघतो.

दुसरा घोळ वाढदिवसाच्या दिवशी झाला. दिरांनी भरलेला कूलर एकट्याने सरकवायला घेतला. ५५ लिटर म्हणजे नुसतं पाणीच ५५ किलो, त्यात चाकं लहान आणि ब्रेक फक्त पुढच्या दोन चाकांना. उंबरठ्यावर चाक अडलं, पाण्याने आत हेलकावा खाल्ला आणि झाकणाच्या फटीतून लाटच बाहेर आली. रिकामा केल्याशिवाय हलवू नका. आणि हलवताना, पाणी भरताना, आत हात घालताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी आणि पत्र्याचं यंत्र एकत्र आलं की अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) या गोष्टींना पर्याय नाही.

ओलाव्याची बारीक भरपाईही द्यावी लागते. मिठाच्या बरणीत ढेकळं झाली, लाकडी कपाटाचा खण फुगून अडकला, मुलीच्या वहीची पानं लाटांसारखी झाली. कूलरच्या थेट झोतात कागद, लाकूड, वाद्यं ठेवू नयेत हे माहितीपुस्तकात एका ओळीत तरी असायला हवं होतं.

उन्हाळ्याच्या मध्यावर हवा कमी गार वाटायला लागली तेव्हा नवऱ्याने पंखा बंद करून, प्लग काढून, बाहेरून पॅडवर हात फिरवला. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंदीचा पट्टा खडखडीत कोरडा. वर पाणी वाटणाऱ्या नळीची तिथली भोकं पांढऱ्या थराने बुजली होती. त्या कोरड्या पट्ट्यातून गरम हवा जशीच्या तशी आत शिरत होती. टाचणीने भोकं मोकळी केली, नळी सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवली, तासाभरात थर सुटला. जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी असलेल्या प्रत्येक घरात हे होणार, कारण वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागेच राहतात आणि नुसतं वरून पाणी भरत गेलं की घट्ट होत जातात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची.

रिकामी करण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, पाणी नसलं तरी कित्येक महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, ब्रशने भिंती घासाव्या लागतात. या कूलरचं पाणी सोडायचं बूच पाठीमागे आणि तळापासून थोडं वर आहे. शेवटचं तांब्याभर पाणी कधीच निघत नाही, फडक्याने टिपावं लागतं. ज्याने हे बूच तिथे बसवलंय त्याला स्वतःच्या घरी एकदा टाकी घासायला लावली पाहिजे.

हवा डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या पात्यांची छोटी मोटर मध्येच बंद पडली. तक्रार नोंदवली, माणूस आला, चुकीचा भाग घेऊन आला, गेला, पुन्हा आलाच नाही. सध्या ती पाती पुठ्ठ्याचा तुकडा खोचून सरळ ठेवली आहेत.

मोजून पाचपैकी चार तारे देते. अर्धा काट्यासाठी कापला, अर्धा बुचासाठी. ज्यांच्याकडे उन्हाळा दमट असतो किंवा खोलीला एकच खिडकी आहे, त्यांनी हा काय, कुठलाच कूलर घेऊ नये. कोरडी हवा आणि समोरासमोर खिडक्या असतील तर डोळे मिटून घ्या.

हंगाम संपल्यावर आम्ही टाकी घासून कोरडी केली, पंप बंद ठेवून अर्धा तास नुसता पंखा चालवला म्हणजे पॅड आतून वाळले, मग जुनी चादर घातली. प्लॅस्टिक गुंडाळलं तर उरलेला ओलावा आत कोंडतो आणि पॅडला कुबट वास बसतो. पात्यांची मोटर बदलायची की नाही यावर घरात अजून एकमत नाही. सासऱ्यांच्या मते पुठ्ठ्यामुळे सगळी हवा थेट त्यांच्या खुर्चीवर येते, तेव्हा खर्च कशाला.