केळशी: दोन दिवस, आणि वाळूची ती टेकडी

कोथरूडहून पहाटे साडेपाचला निघालो, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत नाश्त्याचा अर्धा तास धरून अकरापर्यंत कोकणातल्या केळशी गावात. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, गाडी लागत असेल तर आधीच गोळी घ्या.

एका घरगुती होमस्टेमध्ये राहिलो. खोली साधी, स्वच्छ, पण संध्याकाळी नळाला पाणी नव्हतं आणि हे बुकिंग करताना कोणी सांगितलं नव्हतं, लहान मुलं सोबत असतील तर हे आधी विचारूनच घ्या. जेवण मात्र अप्रतिम! कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी केलेले उकडीचे मोदक, कळ्या इतक्या बारीक की आईने पहिला मोदक हातात धरून नुसता बघितला.

आता टेकडीबद्दल. भारजा नदीच्या खाडीजवळ सुरूच्या बनापलीकडे वाळूची चांगली उंच टेकडी आहे, बघितल्यावर वाटतं वाऱ्याने जमली असेल, पण आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी इथे अनेक वर्षं काम केलं आणि ती त्सुनामीने आणून टाकलेली वाळू आहे असं मांडलं. १५२४ मध्ये वास्को द गामाचं आरमार दाभोळजवळ असताना समुद्र हादरल्याची नोंद आहे, त्याच्याशी हा धागा जोडला जातो. कापलेल्या बाजूला जवळून बघा, वाळूत शिंपले, खापराचे तुकडे, मध्येच काळसर राखेसारखा थर. बाबा पाच मिनिटं तिथून हललेच नाहीत.

आणि तिथेच वर बाईकच्या चाकांचे ताजे चर होते, खाली बाटल्या. खूप वाईट वाटलं, राग पण आला. अहो, ही टेकडी परत तयार होणार नाहीये! कापलेल्या कडेवर चढू नका, खापरं उचलून घरी आणू नका, मुलांना आधीच सांगून ठेवा.

महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूब बाबांचा दर्गा पण बघा, दोन्ही शांत. खाडीपलीकडे वेळास गाव, तिथे कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायचा सीझन फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, तेव्हा खोली खूप आधी सांगून ठेवावी लागते. आम्ही पुढच्या वर्षी तेव्हाच जाणार, काकूंना मोदकांचं आत्ताच सांगून आलोय.